सोनचाफ्याच्या मुळाशी मीठ

सोनचाफ्याचा पिवळा आणि गाजराचा नारिंगी हे एकाच घराण्यातले रंग. दोन्हीकडे कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. देवाला वाहिलेलं फूल आणि हलव्यासाठी किसलेलं गाजर यांचं नातं इतकं जवळचं असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. त्या नात्यातला तिसरा भागीदार तर त्याहून अनपेक्षित आहे. उन्हाळ्यात मुळांना पाणी कमी पडलं की पानांना आपली रंध्रं मिटायला सांगणारं एक संप्रेरक झाडात तयार होतं. तेही याच कॅरोटिनॉइडांमधून निघतं. फुलाचा रंग आणि झाडाची सोशिकता या दोन गोष्टी माणूस वेगळ्या मोजतो. झाड त्या एकाच कच्च्या मालातून काढतं.

वसई तालुक्याच्या पश्चिम कडेला, रानगाव आणि कळंब यांच्या मधे भुईगावचा किनारा आहे. वाळू, मग सुरूचं बन आणि बनामागे वाड्या. केळी, नारळ, पानवेल, भाजीपाला आणि फुलं, असा या पट्ट्याचा जुना क्रम. कुपारी, सामवेदी आणि वाडवळ समाजांनी पिढ्यानपिढ्या इथं वाडी केली आणि माल मुंबईला पोचवला. आजही वसईची फुलं पहाटेच्या लोकलनं दादरच्या फूलबाजारात जातात. त्यात मोगरा असतो, जास्वंद असते आणि गेल्या काही दशकांत सोनचाफा मोठ्या संख्येनं आला आहे.

तो आला कलमांमुळे. बियांपासून वाढवलेला सोनचाफा सरळ उंच वाढतो, फुलायला कित्येक वर्षं घेतो, आणि फुलला तरी फुलं शेंड्याला असल्यामुळे तोडायला माणूस चढवावा लागतो. कलमी झाड वर्षा-दोन वर्षांत फुलू लागतं आणि छाटून हाताच्या उंचीवर ठेवता येतं. कोकणातल्या रोपवाटिकांत ‘वेलणकर’ या नावानं मिळणारा सोनचाफा अशा कलमांमुळेच घरोघरी पोचला. कलम म्हणजे जनुकांच्या भाषेत हुबेहूब नक्कल. एका चांगल्या झाडाचे डोळे हजार खुंटांवर बांधले, तर वर हजार ठिकाणी तेच एक झाड वाढत असतं. सगळ्यांचा रंग एक, सुगंध एक, आणि दुबळेपणाही एकच. व्यापाराला पहिल्या दोन गोष्टी हव्या असतात. तिसरी विहिरीचं पाणी बिघडल्यावर कळते.

सोनचाफा हे मुळात किनाऱ्याचं झाडच नव्हे. पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या सदाहरित रानांपर्यंत, जिथं पाऊस भरपूर आणि पाण्याचा निचरा चांगला, तिथं ते आपसूक उगवतं. त्याचं कूळ मॅग्नोलियाचं. सपुष्प वनस्पतींमधलं हे फार जुनं कूळ, त्याच्या पूर्वजांचे जीवाश्म सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. फुलाची रचनाही जुन्या वळणाची आहे. निदल वेगळं आणि पाकळी वेगळी असा भेद त्यात नाही. बाहेरून आतपर्यंत सगळी दलं जवळपास सारखीच, आणि सगळी रंगीत. फूल उमलताना फिकट पिवळं असतं आणि जून होत जाताना नारिंगीकडे झुकतं. फुलवाले म्हणून तर कळी अर्धवट मिटलेली असताना तोडतात. नारिंगी झालेलं फूल म्हणजे शिळं, हे गिऱ्हाईकही ओळखतं.

हा रंग बनतो कसा, तर पेशीतल्या लवकांमध्ये, 20 कार्बनच्या दोन रेणूंची जोड लावून. ही पहिली जोड लावणाऱ्या विकराचं नाव फायटोइन सिंथेज. त्याचं जनुक जितकं जोरात चालेल तितका पुढचा सगळा ओघ मोठा. जोडीतून निघतो 40 कार्बनचा एक लांब रेणू. सुरुवातीला तो रंगहीन असतो. मग एकामागून एक विकरं त्यात दुहेरी बंध घालत जातात आणि तो पिवळा, नारिंगी, लाल दिसू लागतो. टोमॅटोतलं लायकोपिन याच वाटेवरचा एक टप्पा, गाजरातलं बीटा-कॅरोटिन त्याच्या पुढचा. सोनचाफा, झेंडू, शेवंती, बहावा, सगळ्यांचे पिवळे रंग असेच घडत असतील असं मात्र गृहीत धरू नये. पिवळा दिसायला निसर्गात अनेक रस्ते आहेत. पळसाचा केशरी रंग कॅरोटिनॉइडांचा नाही, तो फ्लॅव्होनॉइडांच्या घराण्यातल्या चाल्कोन आणि ऑरोन या द्रव्यांमधून येतो. पळसाच्या फुलांचा रंग पाण्यात उतरतो आणि होळीला वापरता येतो, सोनचाफा पाण्यात बुडवून ठेवला तरी पाणी रंगत नाही, यामागे हाच फरक आहे. एक रंग पाण्यात विरघळणारा, दुसरा तेलात.

कॅरोटिनॉइडचा तो 40 कार्बनचा रेणू म्हणजे कापडाचं ठाण समजायला हरकत नाही. रंग म्हणून ते अख्खं वापरता येतं. पण झाडाकडे कात्र्याही असतात, आणि कुठं कापलं यावर काय शिवून निघणार ते ठरतं. टोकाकडून 13 कार्बनचा तुकडा कापला की आयोनोन मिळतं. हा सुगंधी रेणू आहे. सोनचाफ्याच्या अत्तरात आयोनोनच्या घराण्यातले रेणू ठळकपणे सापडतात, जोडीला इंडोल आणि मिथिल अँथ्रानिलेट असतं. म्हणजे या फुलाच्या सुगंधाचा एक मोठा हिस्सा त्याच्या रंगातूनच कातरलेला आहे. दोन्ही टोकं कापून मधला 20 कार्बनचा तुकडा ठेवला तर क्रोसेटिन. केशराचा रंग तो हाच. प्राजक्ताच्या देठाचा केशरी रंगही हाच, त्यामुळे पूर्वी त्या देठांनी कापडं रंगवत. आणि एका विशिष्ट जागी 15 कार्बनचा तुकडा कापला की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाची तयारी सुरू होते. पाणी तुटल्याचा संदेश झाडभर देणारं संप्रेरक ते हेच.

या कात्र्या चालवणाऱ्या जनुकांना शास्त्रज्ञ सीसीडी आणि एनसीईडी म्हणतात. नावं रुक्ष आहेत, पण त्यांच्यामुळे काही जुनी कोडी सुटली. पांढरी शेवंती पांढरी का, हे त्यातलंच एक. तर्काला वाटतं, तिला पिवळा रंग बनवता येत नसणार. जपानमध्ये 2006 साली अकेमी ओमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटंच दाखवलं. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्यांत कॅरोटिनॉइड बनतं, पण सीसीडी-4 नावाचं विकर ते लगेच कातरून टाकतं. ते जनुक दाबलं की पांढरी शेवंती पिवळी झाली. पांढऱ्या झाडावर अचानक एखादी फांदी पिवळी फुलू लागते, हा माळ्यांचा जुना अनुभव त्यातून समजला. चीनमध्ये बागांत लावतात त्या ऑस्मँथस झाडाच्या फिकट आणि केशरी जातींतही याच कात्रीचा हात दिसतो. हे झाड प्राजक्त आणि मोगऱ्याच्या कुळातलं.

कुळाच्या बाबतीत सोनचाफ्याचा एक नातेवाईक उल्लेख करण्याजोगा आहे. अमेरिकेतलं ट्यूलिप झाड, लिरिओडेंड्रॉन, त्याच्या हिरवट पाकळ्यांवर तळाशी एक नारिंगी पट्टा असतो. तोही कॅरोटिनॉइडचा. त्याच्याच चिनी भावंडात तो पट्टा नाही. चिनी जातीचा संपूर्ण जनुकसंच 2019 साली नेचर प्लांट्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यानंतर मॅग्नोलिया कुळातल्या आणखी काही झाडांचे जनुकसंच वाचले गेले. सोनचाफ्याच्या घरची कागदपत्रं चाळायला आता कुठं सुरुवात झाली आहे असं म्हणायला हवं. भात-गव्हाच्या तुलनेत शोभेची झाडं या कामात मागे राहिली, कारण झाडाची एक पिढी बघायला वर्षं लागतात, आणि पैसा भाताकडे आधी जातो.

रंग आणि सोशिकता खरोखर जोडलेली आहेत, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा फुलातून मिळाला नाही, तो मक्याच्या कणसातून मिळाला. मक्याच्या काही वाणांत दाणे कणसावर असतानाच कोंब धरतात. दाण्याला सुप्त राहायला अ‍ॅब्सिसिक आम्ल लागतं. ते नसलं तर दाणा थांबत नाही. अशा बऱ्याच वाणांचे दाणे पिवळे नसून पांढरट निघतात, आणि त्यांची रोपंही फिकट येऊन मरतात. रंगाची वाट सुरुवातीलाच तुटली, म्हणून संप्रेरकाचाही पुरवठा बंद. एका वाणात मात्र दाणे नीट पिवळे होते आणि तरीही कोंब फुटत होते. त्याच्यात ठाण शाबूत होतं, फक्त 15 कार्बनचा तुकडा कापणारी कात्री मोडली होती. 1997 साली त्या कात्रीचं जनुक ओळखलं गेलं आणि एनसीईडी घराण्याची ओळख तिथून झाली.

इथं एक मोह आवरायला हवा. रंग आणि पाण्याचा ताण यांचा कच्चा माल एक आहे म्हणून ज्याचं फूल जास्त पिवळं तो चाफा जास्त काटक, असं होत नाही. रोपवाटिकेच्या फलकावर कुणी तसं लिहिलं तर विश्वास ठेवू नये. प्रत्येक कात्रीच्या जनुकाच्या झाडाकडे अनेक प्रती असतात. एक प्रत पाकळीत चालते, दुसरी मुळात, तिसरी बियांत. पाकळीतली प्रत मुळातल्या प्रतीला विचारून काम करत नाही. उत्क्रांतीत एकाच मूळ जनुकाच्या नकला झाल्या आणि मग प्रत्येकीनं आपापलं ठिकाण धरलं. म्हणूनच माणसाला पाकळीचा रंग निवडता आला आणि मुळाकडे शतकानुशतकं दुर्लक्ष करता आलं.

लाल-जांभळ्या रंगांचं घराणं वेगळं, अँथोसायनिनचं. तमण, गुलमोहर, जास्वंद यांच्या लालीत ते असतं. सोशिकतेशी त्याचं नातं जास्त थेट आहे, कारण ऊन, थंडी, पाण्याची टंचाई यांपैकी काहीही आलं की अनेक झाडं पानांतसुद्धा अँथोसायनिन भरतात. आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते त्यात हे द्रव्य असतं. कोवळ्या पानाला प्रखर प्रकाश पेलत नाही, त्याचा काही भाग हा रंग अडवतो. उकाडा फार वाढला तर मात्र अँथोसायनिन कमी बनतं. गुलाब किंवा शेवंती उन्हाळ्यात फिकी पडते त्याचं कारण हेच. या रंगाचा संपूर्ण कारखाना काही थोड्या नियंत्रक जनुकांच्या हुकमावर चालतो, आणि त्यांतलं एखादं मोडलं की रंग जातो. मेंडेलच्या पांढऱ्या फुलांच्या वाटाण्यात असंच एक नियंत्रक जनुक बिघडलेलं होतं, ते 2010 साली नेमकं सापडलं. क्वचित दिसणारा पिवळा गुलमोहर बहुधा याच प्रकारातला. लाल थर बनला नाही की खालचा कॅरोटिनॉइडचा पिवळा उघडा पडतो. बागवान ज्याला नवी जात म्हणतात, ते पुष्कळदा एका बंद पडलेल्या जनुकाचं नाव असतं.

आता मीठ.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी समुद्रापासून काही फर्लांगांवर असूनही गोड्या राहिल्या, त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे पावसाचं मुरलेलं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होण्याच्या सुमारास घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी त्याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल तर खाली साधारण 40 मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. गणिताची दुसरी बाजू भीतिदायक आहे. उपशामुळे वरची पातळी 1 मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी कालांतरानं 40 मीटर वर सरकू शकतं. वाडीतल्या बावखलांचं महत्त्व यावरून कळतं. वाडीच्या कडेला खणलेली ही छोटी तळी पावसाचं पाणी धरत आणि जमिनीत मुरवत. त्यांतली पुष्कळ बुजली. 1980 च्या दशकाच्या शेवटी वसईत इमारतींची लाट आली, टँकरनं विहिरींचं पाणी उपसून विकलं जाऊ लागलं आणि त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. ते आंदोलन बहुतेकांना राजकारण आणि पर्यावरण म्हणून आठवतं. वाडीवाल्यासाठी तो प्रश्न पानाच्या करपलेल्या कडांचा होता.

पाणी मचूळ झालं की झाडाला दोन बाजूंनी मार बसतो. मातीतलं क्षाराचं प्रमाण वाढल्यामुळे मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं, म्हणजे ओल असूनही झाड तहानलेलं राहतं. हा मार लगेच बसतो. दुसरा हळूहळू बसतो. सोडियम आत शिरून पानांत साठतं आणि पोटॅशियमची जागा अडवतं. पेशीतल्या कितीतरी विकरांना पोटॅशियम लागतं, सोडियमवर त्यांचं काम चालत नाही. जुनी पानं कडेपासून तपकिरी होतात, गळतात, आणि झाड फुलं धरणं कमी करतं.

यावर झाडांकडे तीन उपाय आहेत आणि तिन्हींचीही जनुकं आता माहीत आहेत. सोडियम मुळातूनच बाहेर फेकायचं, हे काम एसओएस-1 या जनुकाचं. जियान-कांग झू यांच्या गटानं 1990 च्या दशकात मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर काम करताना या घराण्याचा छडा लावला. पाण्याबरोबर वर चढणारं सोडियम वाटेतच परत काढून घ्यायचं, हे काम एचकेटी घराण्याचं. आणि आत आलंच तर पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवायचं, हे एनएचएक्स घराण्याचं. 1999 साली टोरोंटो विद्यापीठात एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटानं एनएचएक्सची एक प्रत जास्त जोरात चालवली, आणि ते रोप समुद्राच्या पाण्यातल्या सुमारे 40 टक्के मिठाइतकं मीठ सोसून वाढलं.

बरोबर त्याच सुमारास जपानमध्ये, ओकाझाकीच्या प्रयोगशाळेत, शिगेरु ईदा यांचा गट मिठाशी काहीही संबंध नसलेला प्रश्न सोडवत होता. गारवेलीची कळी जांभळट लाल असते आणि उमललं की फूल निळं होतं. हे कसं? रंगद्रव्य तर तेच राहतं. कुमि योशिदा आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मोजून दाखवलं होतं की ‘हेवनली ब्लू’ या जातीच्या पाकळीतल्या रिक्तिकेचा सामू कळीत 6.6 असतो आणि फूल उमलेपर्यंत 7.7 होतो. आम्लता उतरली की तेच अँथोसायनिन निळं दिसतं. पण सामू वाढवतं कोण? जपानी गारवेलीच्या एका वाणात फुलं निळी होतच नाहीत, जांभळी राहतात. त्या वाणात एका जनुकात एक फिरतं जनुक येऊन बसलं होतं. कधी कधी ते उठून जातं आणि जांभळ्या फुलावर निळा पट्टा उमटतो, त्यामुळे शोध सोपा झाला. 2000 साली नेचरमध्ये उत्तर आलं. ते जनुक एनएचएक्स घराण्यातलं निघालं.

म्हणजे मिठाच्या माऱ्यातून रोपाला वाचवणारा पंप आणि पाकळीला निळं करणारा पंप एकाच बनावटीचे. पाकळीत तो प्रामुख्यानं पोटॅशियम आत घेऊन हायड्रोजनचे आयन बाहेर काढतो, खाऱ्या जमिनीतल्या मुळात-पानात तो सोडियम कोंडतो. यंत्र एक, कामाची जागा वेगळी. वनस्पतिशास्त्रातल्या अलीकडच्या शोधांत इतका देखणा शोध कमी आहे. आणि गारवेलीचीच एक सख्खी बहीण कोकणच्या प्रत्येक किनाऱ्यावर दिसते. वाळूत पसरणारी, जांभळट गुलाबी फुलांची मर्यादवेल. भरतीचे तुषार अंगावर घेत ती फुलत असते.

झाडांमध्ये मिठाच्या बाबतीत भुईगावच्या परिसरातला खरा जाणकार तिवर. खाडीच्या चिखलात उभा असलेला हा तिवर कुणी शोभेसाठी लावत नाही, त्याची फुलं बारीक आणि पिवळट. पण त्याचा जनुकसंच भारतात वाचला गेला आहे. भुवनेश्वरची इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेस आणि तमिळनाडूतली एसआरएम संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तो 2021 मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे 46 कोटी अक्षरांचा हा संच 31 गुणसूत्रांवर नीट बसवला गेला, आणि त्यांत मिठाला प्रतिसाद देणारी 3,246 जनुकं सापडली. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक पंप बसवला की झाड मीठ पचवेल, ही आशा त्यापुढे फार भाबडी ठरते. तिवर मुळाशी बहुतेक मीठ अडवतो, आत आलेल्यापैकी बरंच पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. पानाला जीभ लावली तर खारट लागतं. सोनचाफ्याकडे अशा ग्रंथी नाहीत. कुठलंही एक जनुक घालून त्या उगवणारही नाहीत.

रंगाचं तसं नसतं. एक जनुक बिघडवा, रंग बदलतो. म्हणून शोभेच्या झाडांच्या इतिहासात रंगांच्या शेकडो जाती झाल्या आणि सोशिक जाती मोजक्या. महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलेल्या तमणाच्या जवळच्या नातेवाइकाची कथा याबाबतीत सांगण्यासारखी आहे. हे झाड लॅगरस्ट्रोमिया इंडिका, बागांत झुबक्यांनी फुलणारं, गुलाबी-जांभळं. अमेरिकेत त्याला भुरी रोगानं हैराण केलं होतं. 1956 मध्ये जॉन क्रीच यांनी जपानच्या याकुशिमा बेटावरून याच कुळातल्या एका रानटी जातीचं बी आणलं. तिची फुलं पांढरी, दिसायला साधी, पण भुरी तिला फारशी लागत नव्हती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगोल्फ यांनी दोघांचे संकर घेतले. 1978 साली बाहेर पडलेल्या त्यांच्या ‘नॅचेझ’ आणि ‘मस्कोगी’ या जाती गाजल्या, पहिली पांढरी, दुसरी फिकट जांभळी. रानटी आजीची सोशिकता आली ती तिच्या फिकेपणासकट. गडद लाल रंग आणि भुरीपासूनची सुटका एकाच झाडात आणायला पुढे बराच काळ गेला.

भुईगावच्या वाडीवाल्याला इतका वेळ नाही. सोनचाफ्यात संकर घेऊन पिढ्या बघत बसणं एका शेतकऱ्याच्या आयुष्यात मावत नाही. परकं जनुक घालून मीठ सोसणारा चाफा बनवणं प्रयोगशाळेत कदाचित जमेल, पण झाडांच्या बाबतीत ते रोपवाटिकेपर्यंत येईल अशी आज चिन्हं नाहीत. उरतो तो रस्ता महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका पिकानं तुडवून ठेवलेला आहे. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागा खारवट पाणी आणि दुष्काळ यांनी बेजार झाल्यावर बागायतदारांनी वरचं झाड बदललं नाही, खालचं बदललं. टेक्ससमधल्या रानटी द्राक्षाच्या घराण्यातलं ‘डॉगरिज’ हे खुंट लावलं आणि त्यावर थॉम्पसनसारख्या नेहमीच्या जाती बांधल्या. फळ वरच्याचं, पाय खालच्याचे. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षाच्या खुंटांमधला फरक एचकेटी घराण्यातल्या एका जनुकापर्यंत नेला. काही खुंटांत ते जनुक सोडियम वाटेतच चांगलं अडवतं, काहींत त्याच्या रचनेतल्या किरकोळ फरकामुळे ते काम ढिलं होतं.

कलमी सोनचाफ्यालाही खुंट आहेच. वर नावाजलेली जात, खाली बियांपासून उगवलेलं सोनचाफ्याचं कुठलंही रोप. वरच्या डोळ्यांबाबत रोपवाटिका अतिशय चोखंदळ असते, पण खुंटाचं बी कुठल्या झाडाचं हे सहसा विचारलंही जात नाही. वरची हजार झाडं एकसारखी असली तरी खालची हजार मुळं वेगवेगळी असतात, कारण प्रत्येक बी वेगळं. त्याचा परिणाम वाडीत दिसतोही. एकाच ओळीतली, एकाच जातीची, एकाच विहिरीचं पाणी पिणारी दोन कलमं, एकाच्या पानांच्या कडा करपलेल्या आणि दुसरं बऱ्यापैकी हिरवं. माती किंवा पाटाची चूक म्हणून हा फरक सोडून दिला जातो. तो खुंटाचा असू शकतो, आणि असेल तर त्याचा उपयोग करता येतो.

उपयोगाची रीत अवघड नाही, वेळखाऊ आहे. मचूळ विहिरींच्या वाड्यांत जी जुनी, बियांची झाडं तग धरून आहेत त्यांचं बी गोळा करायचं. प्रत्येक झाडाची रोपं वेगळी ठेवायची. त्यांना मोजून वाढवलेल्या खारटपणाचं पाणी द्यायचं. पानांतलं सोडियम तपासायचं. ज्या झाडाची रोपं कमी मीठ वर चढू देतात, त्याचंच बी खुंटासाठी वापरायचं. पाकळीचा रंग यात कुठंही पाहावा लागत नाही, तो डोळ्यांबरोबर येतो. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र पालघरलाच आहे, आणि पानांतलं सोडियम-पोटॅशियम मोजणं ही कृषी प्रयोगशाळेतली नित्याची चाचणी आहे. अडचण असेल तर ती बियांची. सोनचाफ्याचं फळ तडकून लाल गराच्या बिया बाहेर लोंबू लागल्या की पक्षी त्यांवर तुटून पडतात, आणि त्यांच्यापासून वाचलेलं बीही सुकवून डब्यात ठेवलं तर लवकरच उगवणशक्ती गमावतं. ते गोळा करायचं, गर धुऊन काढायचा आणि त्याच आठवड्यात वाफ्यात टाकायचं.